बायोडाट्यात 'व्यवसाय' या रकान्यापुढं काय लिहू?

येरळाकाठचा | रविवार, सकाळी १०.४०

मंडळी, काम तसं दहा मिनिटांचं होतं. चुलतभावाचा लग्नाचा बायोडाटा टाईप करून द्यायचा. गणपतीचा फोटो, कुलदैवत, देवक, रास, नाडी, उंची सगळं बिनबोभाट झालं. 'व्यवसाय' आला आणि घरात वाजलं.

मी सरळ 'शेती' लिहिलं. चुलतीनं चष्मा लावून स्क्रीन बघितली. "शेती लिवू नको."

"का गं काकी?"

"लिवलं की फोनच येत न्हाई."

थोरले चुलते सोप्यातनं कडाडले, "मग काय चोरी करतोय लिवायचं का?" भाऊ म्हणाला, "दादा, 'व्यावसायिक' टाक." चुलत्यांनी विचारलं, "कसला?" त्यावर त्यालाही पटकन काही सांगता येईना.

गाव खानापूर तालुक्यातलं, येरळेकडचं. भावाच्या वाट्याला चार एकर. एक एकर द्राक्ष, बेदाण्यासाठी. पाच हजार पक्ष्यांचं पोल्ट्री शेड, करारावरचं. दोन एचएफ (होल्स्टीन) गाई. उरलेल्यात शाळू, मका, कडवळ. त्याआधी पाच वर्षं तो धाकट्या चुलत्यांच्या गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात कोईमतूरला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आला तो आलाच. मागच्या वर्षी सगळ्यात जास्त कशानं दिलं विचारलं तर म्हणाला, "पैसा कोंबड्यांनी दिला, बागेनं खाल्ला, घर गाईंनी चालवलं."

आता हे एका रकान्यात कसं बसवू?

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. हाच रकाना आमच्या आज्यासाठी भरला असता तर काय लिहिलं असतं? सातबाऱ्यावर २४ एकर, सगळं जिरायत. बाजरी, हुलगा, मटकी, शाळू. बाजरी निघाली की आजा बैलगाडी घेऊन कृष्णाकाठाला गुऱ्हाळावर जायचा आणि यायचा तो ढेपा घेऊन. म्हणजे २४ एकरांचा मालक चार महिने दुसऱ्याच्या चुलवाणावर. ७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीला ती शेवटपर्यंत नावं ठेवायची, पण "त्येनंच जगलो" हेही त्याच दमात म्हणायची. तिनं खडी फोडलेल्या रस्त्यावरनं आजही एसटी जाते.

दुष्काळ सरला आणि आज्यानं तीन पोरांची वाटणी केली. जमिनीची नव्हे. म्हणाला, "एकानं रान, एकानं खुर्ची, एकानं परमुलूख." थोरले रानात राहिले. मधले, म्हणजे माझे वडील, डी.एड. करून झेडपीच्या शाळेत मास्तर. धाकटे सोळाव्या वर्षी गावातल्या एकाच्या दुकानावर, सोनं-चांदी गाळायला. पुढची विहीर मास्तराच्या पगारातून झाली. पाईपलाईन आणि पहिलं बोअर गलाईच्या पैशातून. बाग लावली थोरल्यांनी, पण मांडवाचे अँगल आणि तार कोईमतूरच्या पैशाची. २००३ च्या दुष्काळात वेली जगवायला टँकर विकत घेतले तेव्हा वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. उलटंही झालं. धाकट्यांच्या दुकानात एकदा चोरी झाली, सहा महिने धंदा बंद, तेव्हा गावाकडनं ज्वारीची पोती आणि बेदाणा विकलेले पैसे गेले होते.

म्हणून 'शेती सोडली', 'शेतीतून बाहेर पडले' असं कुणी म्हणालं की मला ते आमच्या घराला लागू करता येत नाही. कुणीच सोडली नाही. सगळेच बाहेर पडले आणि सगळ्यांचाच एक पाय रानात. व्यवसाय माणसाला नव्हता, घराला होता. बायोडाटा मात्र एका माणसाचा मागतात.

तर, तुमच्या घरात आज्यापासून तुमच्यापर्यंत या रकान्यात काय काय येऊन गेलं? सातारा-सांगलीकडच्यांनी तर सांगाच. आणि हो, काय लिहू तेही सांगा. काकी वाट बघतेय.

---

चावडी | रविवार, ११.०५

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). 'पैसा कोंबड्यांनी दिला, बागेनं खाल्ला' हे तासगाव स्टँडवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्यायला हवं.

---

तेजाब | रविवार, दुपारी १२.२०

आयडीवरनं कळलंच असेल, गलाईवाला. कडेगाव तालुका, सध्या केरळ, भट्टीवर २६ वर्षं.

आमच्याकडं पोरगं दहावीत गचकलं की बाप म्हणायचा, "घालव दुकानावर." घालवायचं म्हणजे ओळखीच्या सेठकडं. सेठही गावचाच, नात्यातला. पहिली दोन वर्षं झाडलोट, कोळसा फोडणं, सगळ्यांचा स्वयंपाक. पगार नाही. जेवण, दोन जोड कपडे, यात्रेला गावी यायचं तिकीट. मग भट्टीजवळ बसू देतात.

काम असं. सराफाकडचं जुनं सोनं आलं की टंच काढायचा, म्हणजे शुद्ध किती ते बघायचं. मग त्यात चांदी घालून मुशीत वितळवायचं आणि तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, उकळायचं. तेजाब चांदी, तांबं सगळं खातं, सोन्याला हात लावत नाही. भांड्याच्या तळाला तपकिरी माती बसते. बघणाऱ्याला वाटेल गाळ आहे, फेकून द्यावा. ती धुवून, टाकणखार टाकून पुन्हा मुशीत धरली की पिवळं धमक. उरलेल्या पाण्यात चांदी असते. त्यात तांब्याचे पत्रे सोडले की ती बाहेर येऊन पत्र्याला धरते. उकळताना लालसर धूर निघतो. आमच्या पिढीत खोकला नाही असा माणूस दाखवा. आता चिमणी आहे, पंखे आहेत. पूर्वी खिडकी असली तर नशीब.

खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, शेजारच्या माण-खटावपर्यंतची माणसं देशातल्या बहुतेक प्रत्येक सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत सापडतील. अनोळखी शहरात उतरलो तर मी आधी सराफ कट्टा विचारतो. कुणीतरी "गाव कोणतं?" म्हणतोच.

गावी सहा खोल्यांचा बंगला बांधलाय. पाच खोल्यांना कुलूप, सहावीत आई. पाच एकर वाट्यानं दिलंय. आणि गंमत बघा, गेल्या फळछाटणीला बागेत काम करणारी टोळी बिहारची होती. आमची पोरं केरळात, त्यांची पोरं आमच्या बागेत.

धंदा उतरणीला आहे. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचं होत गेलं, टंच मशिन दोन मिनिटांत काढतं, मोठ्या रिफायनऱ्या आल्या. माझा मुलगा इथंच शिकला. तो इथला नाही, तिथलाही नाही. त्याच्या रकान्यात काय लिहिणार देव जाणे.

---

कोयनाखोरे | रविवार, दुपारी १.१५

पाटण तालुका. आमच्याकडं आज्याच्या रकान्यात 'मुंबई' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळायचं.

आजा दाणाबंदरात पाठीवर पोती वाहायचा. गावाची एक खोली होती, दहा बाय बाराची. त्यात वीसेक जण, पाळीनं झोपायचे. ट्रंका भिंतीला, वळकट्या वर. खोली कुणा एकाची नव्हती, गावाची होती, नवीन पोरगं आलं की थेट तिथं. १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि हजेरी, फंड, दवाखाना हे शब्द घरात आले. तो लढा देणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्याचे, त्यामुळं आमच्याकडं बऱ्याच घरांत देवांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे.

चुलत आजा गिरणीत होता. ८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, वर्षभरानं तो ट्रंक घेऊन गावी आला. वय चाळिशीच्या पुढं. नांगराला हात लावला तर बैल ऐकेनात. मुंबईत तीस वर्षं काढलेल्याला बैल ओळखत नाहीत, असं तो स्वतःच हसून सांगायचा. हसायचा, पण दोन वर्षांत गेला.

शेती म्हणाल तर भात, नाचणी, वरी. जूनला तरवा टाकायला आणि लावणीला निम्मी मुंबई गावात यायची, मग गणपतीला, मग शिमग्याला. आता तेही नाही. रानडुकरं आणि गवे काही ठेवत नाहीत, म्हणून वरची खाचरं पडून आहेत. पठारावर वनकुसवड्याला पवनचक्क्या आल्या तेव्हा जमिनी कवडीमोलानं गेल्या, तेव्हा कुणाला वाऱ्याची किंमत माहीत होती? वडील कोपरखैरण्याला माथाडींच्या घरात. मी तिथंच वाढलो. सातबाऱ्यावर आम्ही १४ जण आहोत आणि क्षेत्र ऐकाल तर हसाल.

येरळाकाठचा यांना एक विचारायचं आहे. 'कुणीच सोडली नाही' म्हणता, पण पुढच्या पिढीचं काय? माझा एक पाय रानात आहे असं मी म्हणेन. माझ्या मुलाला रान कुठल्या डोंगराला आहे तेही माहीत नाही.

---

आकडेमोड | रविवार, दुपारी ३.३०

किस्से छान. थोडे आकडे टाकतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ ला ६,४२६ रुपये होतं. त्यात पिकांचे ३,०८१ आणि मजुरी-पगाराचे २,०७१. २०१८-१९ ला एकूण १०,२१८. त्यात मजुरी-पगार ४,०६३, पिकं ३,७९८, जनावरं १,५८२, बिगरशेती धंदा ६४१, बाकी जमीन खंडानं दिल्याचे. हे देशाचे आकडे आहेत, सांगलीचे नव्हेत. पण सहा वर्षांत क्रम उलटला हे बघा. कागदावर जो 'शेतकरी', त्याच्या घरात पिकापेक्षा पगार-मजुरीचा पैसा जास्त. आणि २०१२-१३ ला ७६३ वर असलेली जनावरं दुपटीच्या वर गेली. येरळाकाठचा यांच्या गाई आठवा.

जमिनीचंही तसंच. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ ला १.३४. आज्याचे २४ एकर आणि नातवाचे चार, हे घरचं भांडण नाही, राज्याची गोष्ट आहे.

एका दिवसाच्या सर्व्हेत हे नीट दिसत नाही, तीच घरं वर्षानुवर्षं बघावी लागतात. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७५ पासून आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात शिरापूर आणि कळमण या गावांत तेच केलं. त्यांचा माणूस गावात राहायचा आणि ठरावीक घरांचा जमाखर्च, मजुरी, जनावरं सगळं लिहून घ्यायचा. मध्ये खंड पडला, पुन्हा २००१ पासून सुरू. अशा नोंदींत दिसतं की एखादं घर वर चढतं, आजारपणात किंवा दुष्काळात खाली येतं, पुन्हा चढतं. सरळ रेषा नसतेच.

---

रानवारा | रविवार, संध्याकाळी ५.०५

सगळं वाचलं. आजा, चुलते, सेठ, माथाडी. बाई फक्त खडी फोडायला आणि 'फोन येत न्हाई' म्हणायला?

मी माणमधली. आमच्या आळीतले निम्मे पुरुष मुंबईला नाहीतर गलाईला. 'घरचं रान कोण बघतं?' विचारलं तर सांगणार, "बघतोय की मी, येतो अधनंमधनं." आणि रात्री दोनला थ्री फेज आल्यावर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला कोण जातं? पाणी कोण धरतं? खुरपण, धार, वैरण, सासू-सासऱ्यांचा दवाखाना? माझ्या आईनं २२ वर्षं केलं. खात्यात नाव वडिलांचं, सातबाऱ्यावर वडिलांचं, पीककर्जाला सही वडिलांची. ते आले की सही व्हायची, नाही आले तर हंगाम जायचा.

म्हसवडला १९९७ ला माणदेशी महिला बँक निघाली तेव्हा आईनं पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे ठेवले. त्यातनं शेळ्या घेतल्या, शेळ्यांतनं माझी फी. माझ्या बायोडाट्यात आईच्या नावापुढं 'गृहिणी' लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं, मामा रागावले.

तेव्हा येरळाकाठचा, भावाच्या आधी काकीचा रकाना भरा.

---

येरळाकाठचा | रविवार, रात्री ८.५०

रानवारा, लागलं. बरं झालं लागलं.

आत्ताच काकीजवळ बसून उठलो. सरळ विचारलं, तुझा महिन्याचा हिशेब सांग. तिला आकडे पाठ आहेत. दर दहा दिवसाला दुधाचं बिल, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग) काय दर, कुठल्या आठवड्यात फॅट उतरली आणि का (मका ओला घातला म्हणून). पेंडीचं पोतं किती दिवस जातं. किराणा, लाईटबिल, भिशी, आज्याची गोळ्या-औषधं होती तोवर तीसुद्धा, सगळं त्यातनं. बेदाण्याचा मोठा पैसा येतो तो वर्षातनं एकदा, आणि येतो तोच औषध दुकानदाराच्या उधारीला. म्हणजे 'घर गाईंनी चालवलं' हे भावाचं वाक्य खरं असेल तर गाई कुणी चालवल्या?

मी विचारलं, बिल कुणाच्या नावावर जमा होतं? ती म्हणाली, "तुज्या काकांच्या. संस्थेत नाव त्यांचंच हाय की."

कोयनाखोरे, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. माझी मुलगी गावी गेली की कोंबड्यांना नावं ठेवते (म्हणजे बारशाची, दुसरी नव्हे). पाच हजारांतल्या सहांना. बॅच उचलली की रडते.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९.१०

दुष्काळी भागाचं कौतुक पुरे झालं. आम्हा वाळव्याकडच्यांना सगळे 'तुमचं काय बाबा, पाणी आहे' म्हणून गप्प बसवतात.

ऐका. आमच्या आज्यानं नदीवर इंजिन बसवलं, लिफ्ट (उपसा योजना) झाली, आडसाली ऊस लावला. लावला की दीड वर्ष बघायला नको. कारखाना, सोसायटी, बिल. वडिलांनी तेच केलं, जास्त पाणी पाजून. "उसाला पाणी आणि पोराला दूध कमी करू नये" ही म्हण की काय ते. पस्तीस वर्षांत खालचं तीन एकर मीठफुटीला गेलं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पांढरं मीठ, ऊस गुडघ्याएवढा आणि पिवळा. त्यावर आम्ही वीटभट्टीवाल्याला माती विकली. हो, माती विकली. काळी आई वगैरे बोलू नका, पोराचं इंजिनिअरिंग चालू होतं. उरलेल्यात सच्छिद्र पाईप पुरून निचरा काढला, खर्च बघून डोळे पांढरे झाले. आता तिथं पुन्हा ऊस येतोय.

तर येरळाकाठवाल्यांनो, टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय तुमच्याकडं. लगेच ऊस लावायला सुटलाय. आमचं बघून तरी शहाणे व्हा.

---

येरळाकाठचा | सोमवार, सकाळी ९.४०

कृष्णाकाठ, बोलणं झोंबलं तरी खोटं नाही. पण पाणी 'आलं' नाही, आणलं. १९९६ ची योजना, मूळ हिशेब २२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सुमारे ८० हजार हेक्टरचा. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची आणि पाच टप्प्यांत वर चढवायची. आटपाडीच्या पाणी परिषदा ९३ पासून, नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांच्या पुढाकारानं. सगळ्यांना सारखं पाणी ही मागणी त्यातली. त्याच्या आधी बळवडीकडच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण स्वतः उभं केलं. आमच्या वडिलांनी रविवारी तिथं पाट्या उचलल्यात.

आणि सारखं पाणी म्हणजे प्रत्येकाला थोडं. थोड्यात ऊस बसत नाही हे तुमचं म्हणणं मान्य. आमच्या शिवारातसुद्धा ज्यांनी लावलाय ते टेल-एंडवाल्यांच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्यांच्या, शिव्या खातायत.

---

मेंढका | सोमवार, दुपारी २.००

आमी आटपाडी भागातले, मेंढरावाले. टाईप करायला पोराला बसवलंय, चूक झाली तर त्याची.

दिवाळी झाली की वाडा हलायचा. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान पोरं. कृष्णाकाठाकडं, काही वाडे घाट उतरून कोकणात. एकेका रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत पडायचं, त्याचं धान्य नाहीतर पैसे मिळायचे. शेतकरी वाट बघायचा आमची.

सगळे पाणी आलं म्हणून पेढे वाटतात. आमच्या माळाला पाणी आलं आणि माळ गेला. जिथं चरायचो तिथं डाळिंब, ऊस, तारेचं कुंपण. डाळिंबावर तेल्या पडला, मर लागली, बागा काढल्या, पण माळ परत झाला नाही. मोठ्या भावानं मेंढरं विकून टेम्पो घेतला. धाकटा गलाईला. मी ४० ठेवलीत, माडग्याळी जातीची. एकेक नर चांगला निघाला तर म्हशीपेक्षा जास्त पैसे देतो, लोक हौसेनं नेतात. चाराच विकत आणतो आता. मेंढराला विकतचा चारा! आमचा आजा असता तर काठीनं मारलं असतं.

बायोडाट्यात पोराच्या 'मेंढीपालन' लिहिलंय. 'पालन' लावलं की बरं वाटतं लोकांना.

---

माजी_हवालदार | सोमवार, संध्याकाळी ६.१५

सातारा. अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचा. आमच्या रकान्यात तीन पिढ्या एकच शब्द, फौज. पण विहिरीवरची मोटर पेन्शनची, ठिबक पेन्शनचं, आणि आल्याच्या शेतीत दोनदा बुडालो तेव्हा तारलं पेन्शननं. ती पहिल्या तारखेला येते, तिला पाऊस लागत नाही.

---

संगमावरची | सोमवार, रात्री ९.३०

शेतीवर जगणारी पण शेती नसलेली घरंही मोजा की. माझं माहेर सांगलीजवळचं हरिपूर. तिथली पेवं ऐकली असतील. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान, पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. पेव उघडलं की माणूस लगेच उतरायचा नाही, आधी कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. आजोबा पेवात उतरणाऱ्यांपैकी. त्यांच्या अंगाला आणि बनियनला येणारा वास मला आजही भाजीत हळद टाकताना येतो.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. हळद गेली ती गेली, पेवंही गेली म्हणायची. पुढं गोदामं आणि कोल्ड स्टोरेज. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात फोटो आले. बाबा तोवर एका गोदामात वॉचमन होते. मी मिरजेत नर्स आहे. मूळ व्यवसाय काय लिहायचा आमचा? 'पेवात उतरणे'?

---

चावडी | सोमवार, रात्री ९.५०

संगमावरची, स्वतंत्र धागा काढा यावर. विनंती.

आणि येरळाकाठचा, करारावरच्या पोल्ट्रीचं खरं काय ते लिहा. माझा मेव्हणा शेड टाकतोय.

---

येरळाकाठचा | मंगळवार, सकाळी ७.२०

चावडी, भावाच्या तोंडचं सांगतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि झोपमोड आपली. ४०-४५ दिवसांत बॅच जाते, किलोमागं ठरलेले पैसे. खाद्य किती खाल्लं आणि वजन किती भरलं यावर कमी-जास्त. बाजार पडला तर आपल्याला थेट फटका नाही, पण कंपनी दोन बॅचमधला गॅप वाढवते, तोच फटका. शेडच्या कर्जाचा हप्ता गॅप बघत नाही.

एप्रिलमधली एक दुपार मी स्वतः बघितलीय. वीज गेली, पंखे बंद. पक्षी चोच उघडून धापा टाकायला लागले. भाऊ पत्र्यावर पाईपनं पाणी मारतोय, काकी आणि मी बाजूच्या पडद्यांना ओली पोती बांधतोय, चुलते जनरेटरची दोरी ओढतायत आणि तो काही चालू होईना. पाऊण तासात ११० मेले. शेवटचे पक्षी तर हातात पाणी पाजताना मान टाकत होते. संध्याकाळी खड्डा काढून चुना टाकून पुरले. जेवताना कुणी बोललं नाही. रात्री भाऊ म्हणाला, "गेल्या साली गारपिटीनं बाग गेली तवा एवढं वाटलं न्हवतं."

मेव्हण्याला सांगा, आधी जनरेटर, मग शेड.

---

येरळाकाठचा | पुढचा रविवार, रात्री १०.१५

बायोडाट्याचं राहिलंच. काकीनं शेवटी स्वतःच सांगितलं आणि मी टाईप केलं: 'शेती (४ एकर बागायत), द्राक्षबाग, पोल्ट्री, दूध'. रकान्यात मावेना म्हणून अक्षर बारीक केलं. चुलते म्हणाले, "आता वाचता येत न्हाई, म्हंजे हुतंय लगीन." आईच्या नावापुढं 'गृहिणी' होतं, तिथं 'दुग्धव्यवसाय' केलं. काकी लाजली, पण खोड म्हणाली नाही.

तीन फोन आले. त्यातल्या एका ठिकाणची मंडळी आज घर बघायला आली होती, मुलगीही. डी.फार्म, विट्यात मेडिकलमध्ये कामाला. तिच्या वडिलांनी ठरलेले प्रश्न विचारले. बोअर किती फूट, पाणी कुठवर टिकतं, सातबाऱ्यावर बोजा किती. चुलत्यांनी खरं ते सांगितलं. मुलगी गोठ्याकडं बघत होती. चहा झाल्यावर तिनं एकच विचारलं, "दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी चुलत्यांकडं. काकीनं कप गोळा केले आणि आत गेली. मोरीत भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला.

अजून होकार नाही, नकारही नाही. चुलत्यांनी मघाशी विचारलं, संस्थेत नाव बदलायला कुठली कागदं लागतात.

---

रानवारा | रविवार, रात्री १०.२२

आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स, आणि काकीची सही. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).